घरच्या बिअरसाठी बाटली निवडताना

स्वतःपुरती बिअर घरी बनवण्याची करमुक्त मोकळीक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने दिली, ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या विधेयकामुळे. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा पुढचे सारे वर्णन तिकडच्या गॅरेजचे आणि तिकडच्या स्वयंपाकघराचे आहे, हे ध्यानात असू द्यावे.)

तिथला हौशी माणूस एका वेळी साधारण पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर बनवतो. ३५५ मिलिलिटरच्या नेहमीच्या बाटल्या घेतल्या, तर त्या पन्नासएक लागतात. एवढ्या बाटल्या विकत आणण्याऐवजी बहुतेक जण रिकाम्या बाटल्या साठवतात आणि निवडीचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो, कारण हाताशी आलेली प्रत्येक बाटली या कामाची नसते.

बाटलीत भरताना बिअरमधले यीस्ट जिवंत असते. त्याला थोडी साखर देऊन वर झाकण बसवले, की पुढच्या दोनेक आठवड्यांत ते कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि हा वायू बाहेर जायला वाट नसल्याने बिअरमध्येच विरघळतो. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखरेतून बिअरच्या आकारमानाएवढा वायू निघतो. अमेरिकी पद्धतीच्या एल या प्रकारच्या बिअरमध्ये साधारण अडीच पट वायू असतो. २० अंश सेल्सिअसला अशा बाटलीच्या आतून काचेवर जवळपास मोटारीच्या टायरमध्ये असतो तेवढा दाब येतो. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमध्ये वायूचे प्रमाण चार पटींच्या घरात जाते, तेव्हा पातळ काचेवर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून दिसायला सुबक, चौकोनी, तेल किंवा सरबतासाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्या, त्यांना तारेच्या कडीने दाबून बसणारे झाकण असले तरी, या कामाला घेऊ नयेत. स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या मद्यालयातून, म्हणजे ब्रूपबमधून, ताजी बिअर घरी न्यायला मिळणारी सुमारे १.९ लिटरची काचेची ग्राउलरही यात आली: ती तयार बिअर वाहून नेण्यासाठी असते, आत नवा वायू तयार होऊ देण्यासाठी नव्हे. उलट शॅम्पेनची रिकामी बाटली बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहा पटींच्या आसपासचा दाब सोसण्यासाठीच घडवलेली असते. मात्र तिच्या तोंडावर अनेकदा नेहमीच्या २६ ऐवजी २९ मिलिमीटरचे झाकण लागते आणि झाकण बसवण्याच्या यंत्राचा साचाही त्याच मापाचा असावा लागतो.

आता बाटलीचे तोंड जवळून पाहू. दातेरी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये मिळवले. त्या झाकणाला २४ दात होते, आज २१ असतात. हे दात काठाखाली दाबले जातात, तेव्हा झाकणाच्या आतले मऊ अस्तर काचेवर घट्ट बसते. ओपनरने उघडायच्या बाटलीचा काठ जाड आणि गुळगुळीत असतो, तर हाताने फिरवून उघडायच्या बाटलीच्या काठावर आटे असतात आणि तो पातळ असतो. अशा बाटलीवर घरच्या यंत्राने बसवलेले झाकण कधी टिकते, कधी आठवड्याभरात वायू सोडून देते. शिवाय दाबताना मान तुटण्याची भीती राहते ती वेगळीच. आटे दिसले की बाटली बाजूला ठेवावी, असेच आमचे स्पष्ट मत आहे. उरलेल्या बाटल्यांच्या काठावरून नख फिरवून पाहावे. बारीकसा टवका उडालेला असेल, तर डोळ्यांआधी नखाला तो कळतो.

रंगाविषयी वाद नाही: तपकिरी काच घ्यावी. हॉप्स या वेलीच्या फुलांमधून आलेल्या कडू घटकांवर निळा आणि अतिनील प्रकाश पडला, की त्यांच्यापासून गंधकयुक्त संयुग बनते आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. पारदर्शक बाटलीत कडक उन्हात हे काही मिनिटांत घडू शकते आणि हिरवी काचही फारसे रक्षण करत नाही. तरी बाटल्या बंद खोक्यात, अंधारात राहणार असतील, तर ग्रोल्श या डच बिअरच्या हिरव्या, तारेच्या झाकणाच्या बाटल्या खुशाल वापराव्यात. त्यांना यंत्र लागत नाही, फक्त रबरी वायसर कडक झाला किंवा चिरला की बदलावा लागतो.

प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीईटीच्या बाटल्यांना अनेक जण नाके मुरडतात. त्यांच्यातून प्राणवायू हळूहळू आत शिरतो हे खरे आहे. त्यामुळे वर्षभर मुरवायची तीव्र बिअर त्यांत ठेवू नये. दोन-तीन महिन्यांत संपणाऱ्या बिअरसाठी मात्र त्या उत्तम असतात, आणि सोड्याच्या बाटल्या दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. यांतली एक बाटली तरी काचेच्या बाटल्यांसोबत त्याच दिवशी भरावी, कारण बंद काचेत काय चालले आहे हे बाहेरून समजत नाही, प्लॅस्टिक मात्र दाबून पाहता येते. ती टणक लागली, की एक काचेची बाटली थंड करून उघडून पाहावी. प्लॅस्टिकची बाटली बेताबाहेर टणक होऊन तिचे बूड फुगू लागले, तर सगळ्या काचेच्या बाटल्या, हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून, ताबडतोब फ्रीजमध्ये हलवाव्यात.