कवटीच्या शिवणी

[दृश्य: काळ्या कापडावर ठेवलेली कोरडी कवटी. कॅमेरा वरून खाली येतो.]

शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर मांडलेली ही कवटी दुरून पाहिली, तर पालथ्या घातलेल्या वाडग्यासारखी अखंड वाटते. दिवा थोडा तिरपा केला की तिच्यावरच्या रेषा दिसू लागतात. एक रेषा माथ्यावरून आडवी, या कानशिलाकडून त्या कानशिलाकडे गेली आहे, दुसरी तिच्या मध्यातून निघून सरळ मागे धावते, आणि ती जिथे संपते तिथून तिसरीचे दोन फाटे दोन्ही अंगांनी खाली उतरतात. या रेषा दातेरी आणि नागमोडी आहेत. कोणी घाईघाईने मोडी लिहीत गेल्यासारख्या दिसतात. सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी आपल्याकडची समजूत आहे, आणि कवटीवरच्या या रेषा म्हणजेच तो लेख, असे सांगणारेही भेटतात.

शरीरशास्त्राच्या लेखी त्या शिवणी आहेत, म्हणजे दोन हाडांच्या कडा एकमेकींत गुंतून बसल्याच्या जागा. हाडांची नावे कोणालाही पाठ करता येतात. पण त्यांचा स्वभाव कळतो तो या जोडांपाशी.

हिशेब आधी उरकून घेऊ. प्रौढ माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ मेंदूभोवतीची पेटी बनवतात आणि १४ चेहऱ्याचा सांगाडा. दोन्ही कानांच्या आत असलेली तीन-तीन इवली हाडे या गणतीत धरली, तर आकडा २८ होतो. पेटीच्या आठांत कपाळाचे ललाटास्थी एक, माथ्याच्या दोन बाजूंचे पार्श्विकास्थी दोन, कानशिलांचे शंखास्थी दोन, मागचे पश्चकपालास्थी एक, आणि तळाशी दडलेले जतुकास्थी व झर्झरास्थी एकेक. वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र ही नावे क्वचितच ऐकू येतात. तिथे फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल, स्फेनॉइड आणि एथमॉइड असेच म्हणतात.

आपल्याकडे ही मोजणी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील एकूण हाडे ३०० सांगितली असून मान आणि तिच्या वरच्या भागात ६३ धरली आहेत. हा आकडा आज मोठा वाटतो. पण त्यात ३२ दात, मानेची ९ आणि कंठनाडीची ४ हाडे आहेत. ती वजा केली की १८ उरतात, आणि १८ हे २२ पासून काही फार दूर नाही. त्या १८ मध्ये खालच्या जबड्याची, म्हणजे हनूची, हाडे दोन मोजली आहेत. ग्रीक वैद्य गॅलेन यानेही माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचाच मानला होता, आणि तो एकच आहे हे युरोपात शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने १५४३ साली ठामपणे मांडले. तरीही जुन्यांना सरसकट चूक म्हणता येत नाही, कारण नवजात बाळाचा जबडा खरोखरच दोन तुकड्यांचा असतो आणि ते हनुवटीच्या मध्यावर पहिल्या वर्षात सांधतात.

[दृश्य: नवजात बालकाच्या कवटीची प्रतिकृती. बोट माथ्यावरच्या पोकळीवर थांबते.]

जन्माच्या वेळी कपाळाचे हाडही दोन तुकड्यांचेच असते. माथ्याची हाडे एकमेकांना भिडलेली नसतात. त्यांच्यामध्ये चिवट पडद्याच्या पट्ट्या असतात, आणि जिथे हाडांचे कोपरे एकत्र यायचे, तिथे हा पडदा रुंद होऊन मऊ जागा उरते. हीच टाळू. पुढची टाळू पतंगाच्या आकाराची आणि मोठी असते, मागची लहान व त्रिकोणी. प्रसूतीच्या वेळी अरुंद वाटेतून जाताना ही सुटी हाडे एकमेकांवर किंचित चढतात आणि डोके तात्पुरते निमुळते होते. बाळाचे डोके लांबट दिसते म्हणून घरातली मंडळी धास्तावतात. बहुतेक वेळा काही दिवसांत ते आपोआप गोलसर होते.

मागची टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत. तोवर आजी रोज तिच्यावर तेल घालते आणि तळहाताने हलकेच जिरवते. तेलामुळे टाळू भरते हे खरे नाही. कडांवर नवे हाड आपल्या गतीने तयार होत जाते आणि पोकळी मिटते. पण या रिवाजाचा एक फायदा नाकारता येत नाही, तो म्हणजे त्या जागेवर रोज कोणाचा तरी हात फिरतो. निरोगी, शांत बाळाची टाळू बोटाला सपाट लागते आणि तिच्याखाली नाडीची ठकठक जाणवते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की ती खोल जाते, आणि बाळ रडत नसतानाही ती ताठ होऊन फुगली असेल, तर कवटीच्या आत दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये.

मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, असे आपण म्हणतो. शरीरशास्त्राचा आग्रह धरायचा, तर मोठ्या माणसाच्या माथ्यावर टाळू उरलेलीच नसते. तिच्या जागी असतो फक्त आडव्या आणि उभ्या शिवणीचा तिठा.

शिवणी वेळेआधी मिटल्या, तर मात्र डोक्याचा आकारच बदलतो. वाढणारा मेंदू हाडांना बाहेर ढकलतो आणि शिवणीच्या काठांवर नवे हाड भरत जाते. शिवण बंद झाली, की तिच्या आडव्या दिशेची वाढ थांबते आणि डोके तिच्या समांतर दिशेने वाढू लागते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने १८५१ साली हा नियम मांडला. माथ्यावरची उभी शिवण लवकर मिटलेले मूल म्हणूनच अरुंद आणि पुढे-मागे लांबलेल्या, होडीसारख्या डोक्याचे दिसते.

[दृश्य: कवटी आडवी. आतून छोटा दिवा लावला आहे. खोली अंधारी.]

आता कवटीच्या पोटात दिवा ठेवू. माथा आणि मागची बाजू काळोखीच राहते, कारण तिथे हाडाचे दोन कठीण पत्रे आहेत आणि मध्ये स्पंजासारखा थर आहे. कानशिलापाशी मात्र हाड तांबूस उजळते. गालाच्या हाडाच्या कमानीपासून दोन बोटे वर आणि डोळ्याच्या कडेच्या हाडामागे अंगठाभर अंतरावर चार हाडे एकत्र येतात: ललाट, पार्श्विक, शंख आणि जतुकाचा पंख. शिवणी इथे बहुधा इंग्रजी एच अक्षरासारख्या जुळतात. या जागेला टेरिऑन म्हणतात. हाड पातळ आहे, एवढ्यावर भागत नाही. कवटी उघडून आतली बाजू पाहिली, तर नेमक्या या भागात पानाच्या शिरांसारखी फाटे फुटलेली खाच दिसते. मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी मधली धमनी त्या खाचेतून वर चढते.

कानशिलावर चेंडू किंवा काठीचा फटका बसून हाड तडकले, की ही धमनी फाटू शकते. रक्त हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साचू लागते. फसवी गोष्ट अशी, की माणूस क्षणभर बेशुद्ध पडून उठतो, कपडे झटकतो, बोलतो, चहाही घेतो. आणि काही तासांनी डोकेदुखी वाढत जाऊन पुन्हा कोसळतो. तेव्हा कवटीला भोक पाडून रक्ताला वाट करून देणे हाच उपाय उरतो, आणि त्याला वेळ फार थोडा असतो. सुश्रुतसंहितेने शंख हे मर्म सद्यःप्राणहर, म्हणजे तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत घातले आहे. रागाच्या भरात मुलांच्या कानशिलात भडकावणाऱ्यांना ही खाच एकदा जवळून दाखवायला हवी.

शंखास्थीचे दुसरे टोक याच्या अगदी उलट आहे. कवटीच्या तळाशी, आत वळलेला त्याचा भाग दगडासारखा घट्ट असतो. त्याच्या पोटात ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा आहे, आणि शेजारच्या मधल्या कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे आहेत. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत लहान. या घट्टपणामुळे प्राचीन सांगाड्यांत डीएनए टिकण्याची शक्यता इथे सर्वाधिक असते, म्हणून पुरातत्त्वज्ञ आता उत्खननात हा भाग जपून उचलतात. उष्ण हवामानात तो आधार किती मोलाचा आहे, हे हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या कामावरून कळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात ६१ नमुने तपासले गेले, आणि पुरेसा डीएनए मिळाला तो एका व्यक्तीचा.

तळाच्या मध्यभागी जतुकास्थी आहे. जतुका म्हणजे वटवाघूळ, आणि हे हाड सुटे करून उजेडात धरले, तर नाव कोणी का दिले हे विचारावे लागत नाही. पेटीच्या उरलेल्या सातही हाडांना ते शिवते. त्याच्या पाठीवरच्या खोगिरासारख्या खळग्यात वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथी बसते, आणि तिची गाठ काढायची असेल तर शस्त्रवैद्य बहुधा नाकातून, याच हाडाच्या पोकळीतून वर जातात. त्याच्या पुढे झर्झरास्थीची चाळणी आहे. वासाच्या नसा तिच्या छिद्रांतून खाली नाकात उतरतात. अपघातात डोके जोरात हिंदकळले तर त्या तिथेच तुटतात, आणि जखम कुठेच न दिसता माणसाचा वास जातो.

चेहऱ्याच्या १४ हाडांवरून आपण भरभर जाऊ. बहुतेक जोडीने येतात. एकटी दोनच, नाकाच्या पडद्यातले फाळासारखे सीरिकास्थी आणि खालचा जबडा. डोळ्याची खोबण एकाच हाडात कोरलेली वाटते, पण ती सात हाडांची मिळून झालेली आहे, आणि तिच्या आतल्या कोपऱ्यातले अश्रु-अस्थी नखाएवढे आणि नखाइतकेच पातळ असते. कवटीच्या या मोठ्या हाडांत हलणारे हाड एकच, खालचा जबडा. कानशिलावर बोटे ठेवून दात आवळले, की त्याला वर ओढणारा स्नायू बोटांखाली टणक होतो.

[दृश्य: मोकळ्या केलेल्या कवटीची हाडे तारांवर, एकमेकांपासून थोडी अलग, आपापल्या जागी.]

ही २२ हाडे अशी सुटी कशी करतात, ते शेवटी पाहू. करवत चालत नाही. दातेरी कडा मोडतात. जुनी पद्धत अशी, की पश्चकपालास्थीच्या मोठ्या छिद्रातून कवटीत कोरडे हरभरे किंवा वाटाणे गच्च भरायचे आणि ती पाण्यात बुडवून ठेवायची. धान्य फुगू लागते, आतून सगळ्या बाजूंनी सारखा दाब येतो आणि हाडे आपापल्या शिवणींवर उकलतात. त्यासाठी कवटी तरुण माणसाची लागते. उतारवयात बऱ्याच शिवणी हाडाने भरून जातात, काही तर बोटालाही लागत नाहीत. मग फुगलेले हरभरे शिवण सोडून भलतीकडेच हाड तडकवतात.