बियाण्याचा दर कोण ठरवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे कपाशीच्या बियाण्यासाठी रांगा लागतात. अमुक वाण आलं का, सोबत खत घ्यायची सक्ती, म्हणजे लिंकिंग, आहे का, मागच्या दाराने किती रुपये जास्त मागताहेत, याच्या चौकशा सुरू होतात. आपल्याकडे बियाण्याची चर्चा तिथे सुरू होते आणि बोगस बियाण्याच्या तक्रारींवर संपते. त्या पाकिटातली सरकी कुणाच्या शेतात, कुणाच्या हातून तयार झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. विषय बालमजुरीचा आहे, जागतिक कंपन्यांचा आहे, आणि आपल्या बांधापर्यंत येऊन पोचलेला आहे.

आधी काम समजून घेऊ. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फूल स्वतःच्याच परागाने फळतं. दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून होणारं संकरित बियाणं हवं असेल तर हे रोखावं लागतं. म्हणून दुपारनंतर बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये उतरायचं, उद्या उमलणार अशी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे. आतल्या स्त्रीकेसराला ओरखडासुद्धा लागता कामा नये. मग खुणेसाठी रंगीत कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाची फुलं तोडून आणायची आणि त्यांचा पराग त्या उघड्या केसरावर घासायचा. असं एकेका फुलाला. याला यंत्र नाही. हंगाम तीन महिन्यांहून अधिक चालतो आणि एका एकराला रोज आठ-दहा माणसं लागतात. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, आणि हातांनी केलेल्या या क्रॉसिंगवर भारतातला एक मोठा उद्योग उभा राहिला.

माणसं लागतात, असं मी म्हटलं. प्रत्यक्षात मुली लागल्या. 2000 च्या आसपास आंध्रातल्या कर्नूल, महबूबनगर या जिल्ह्यांत हे काम प्रामुख्याने सात ते चौदा वर्षांच्या मुली करत होत्या. पेरणीच्या आधीच आई-बापांच्या हातात उचल पडायची आणि मुलगी हंगामभरासाठी बांधली जायची. उचल म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. फवारणी केलेल्या पिकात दिवसभर उभं राहायचं. झाडाची उंची आणि मुलीची उंची जवळपास सारखी.

मुलीच का? तर म्हणे त्यांची बोटं नाजूक असतात. गालिच्यांच्या धंद्यातही हेच कारण सांगितलं जायचं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेलाही नाजूकच हात लागतो, पण ते काम कुणी दहा वर्षांच्या पोरीला देत नाही. खरी गोष्ट एवढीच की ती मोठ्या बाईपेक्षा कमी मजुरी घेते, जास्त तास राबते आणि उलटून बोलत नाही.

हैदराबादचे संशोधक दावुलुरी वेंकटेश्वरलू यांनी हे वर्षानुवर्षं गावोगाव फिरून नोंदवलं. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या एका संस्थेसाठी त्यांनी लिहिलेल्या अहवालात मोन्सँटो, बायर, सिंजेंटा, युनिलिव्हर, अॅडव्हांटा ही नावं आली आणि युरोपात खळबळ उडाली. मोन्सँटोचा संबंध यायचा तो आपल्या जालन्याच्या महिकोमार्फत. त्या कंपनीत तिचा 26 टक्के हिस्सा होता.

कंपन्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: आम्ही एकाही मुलाला कामावर ठेवलेलं नाही. कागदोपत्री ते खरंही होतं. कंपनी ऑर्गनायझर नावाच्या मध्यस्थाशी करार करते, ऑर्गनायझर शेतकऱ्याशी, आणि मजूर लावतो तो शेतकरी. हप्ता, पगार, हजेरी, यातलं काहीच कंपनीच्या वहीत येत नाही. आता याच प्लॉटवर कंपनी आणखी काय करते ते पाहा. मूळ नर-मादीचं बियाणं ती देते. लागवडीचं अंतर, दोन प्लॉटमधलं अंतर तीच ठरवते. हंगामात तिचा सुपरवायझर पुन्हा पुन्हा येतो, ओळीओळीतून फिरतो, भेसळीचं झाड दिसलं की उपटायला लावतो. माल गेल्यावर शुद्धतेची चाचणी होते आणि त्यात नापास झालं तर शेतकऱ्याचं आख्खं वर्ष पाण्यात जातं. म्हणजे पाचशे झाडांमधलं एक परकं झाड ज्या डोळ्यांना दिसतं, त्यांना त्या झाडांच्या मध्ये उभी असलेली मुलगी दिसत नाही, असं आपण मानायचं. मला ते मानता येत नाही.

पण शेतकऱ्याला खलनायक करून मोकळं होणंही सोपं आहे, आणि चुकीचं आहे. 2005 मध्ये वेंकटेश्वरलू आणि अर्थतज्ज्ञ लुचिया द कोर्ता यांनी सरळ हिशेब मांडला. बीजोत्पादनाच्या खर्चात जवळपास निम्मा भाग मजुरीचा. कंपनी किलोला जो खरेदी दर देत होती, त्यात मोठ्या माणसांना सरकारी किमान वेतन दिलं तर शेतकऱ्याच्या हाती काही उरत नव्हतं. म्हणजे त्या दरात मुलाची मजुरी आधीच गृहीत धरलेली होती. तेव्हा बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या, कपाशीचं पाकीट बाजारात सोळाशे रुपयांच्या वर विकलं जायचं आणि त्यातले साधारण 1,250 रुपये तंत्रज्ञानाचं शुल्क म्हणून जायचे. बियाण्यात घातलेल्या जनुकाची किंमत ठरलेली होती. ते बियाणं घडवणाऱ्या हातांना उरलेल्यातला उरलेला वाटा.

इथे कुणी म्हणेल, मग टाका बहिष्कार. तोही अनुभव जगाने घेतलेला आहे. 1992 मध्ये अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक आणलं. विधेयक मंजूर झालंच नाही, पण बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखानदारांनी नुसत्या धास्तीने मुलांना हाकललं. युनिसेफने हा आकडा सुमारे पन्नास हजार सांगितला. त्यातली कितीतरी, विशेषतः मुली, शाळेत गेल्या नाहीत. खडी फोडायला, रस्त्यावर आणि त्याहूनही वाईट जागी गेल्या. शेवटी 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला, आणि काढलेल्या मुलांसाठी शाळा व महिन्याचा भत्ता सुरू झाला. तो आधी व्हायला हवा होता.

कपाशीत थोडं शहाणपण लवकर आलं, ते आपणहून नव्हे. डॉ. शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने आंध्रात मुद्दा लावून धरला होता. शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालमजूरच, अशी त्यांची रोखठोक भूमिका. युरोपातून दबाव होताच. मग बायरने प्लॉटची अचानक तपासणी, मुलं न लावणाऱ्या शेतकऱ्याला बोनस, कमी मजुरांत जास्त उत्पादन काढायचं प्रशिक्षण, आणि ऐकलं नाही तर कारवाई, असा कार्यक्रम राबवला. त्या शेतांवरची मुलं खरोखर कमी झाली. कंपनीला जमत नव्हतं असं नाही, हे यातून दिसलं.

मात्र धंदा एका जागी थांबत नाही. बीजोत्पादन गुजरातेत बनासकांठा, साबरकांठा भागात पसरलं. तिथे दक्षिण राजस्थानातल्या डुंगरपूर, उदयपूरच्या आदिवासी वस्त्यांतून पोरं जीपगाड्यांत भरून आणणाऱ्या दलालाला ‘मेट’ म्हणतात. शिवाय प्लॉट लहान होत गेले, घरच्याच माणसांवर भागू लागले. 2015 च्या पाहणीत वेंकटेश्वरलूंना देशभरच्या कपाशी बीजोत्पादनात चौदा वर्षांखालची सुमारे दोन लाख मुलं आढळली.

आणि दुसऱ्याच वर्षी, 2016 मध्ये, आपला बालमजुरीचा कायदा बदलला. चौदा वर्षांखाली सगळ्या कामांना बंदी झाली, हे चांगलं झालं. पण घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करायला मुभा ठेवली. दिल्लीत बसून ते निरुपद्रवी वाटतं. कपाशीच्या प्लॉटवर मात्र पराग लावायची वेळ सकाळी आठ ते अकरा, कळ्या सोलायची वेळ दुपारपासून अंधार पडेपर्यंत, आणि हंगाम पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढे, म्हणजे शाळेचं आख्खं पहिलं सत्र. यात ‘शाळा सुटल्यावर’ कुठे बसवायचं? ज्यांनी ही सूट लिहिली त्यांनी क्रॉसिंग कधी पाहिलं नसावं.

आता दराकडे परत येतो, कारण माझ्या मते गाठ तिथेच आहे. 2015 चा कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश आल्यापासून बीटी पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं. 2024 च्या हंगामासाठी ती 864 रुपये होती. तंत्रज्ञानाचं शुल्कही सरकारने टप्प्याटप्प्याने खाली आणत 2020 मध्ये शून्यावर नेलं. पाकीट घेणाऱ्या शेतकऱ्याची बाजू पाहिली, ते बरोबरच झालं. पण ज्याने ते बियाणं पिकवलं, त्याला किलोमागे किमान किती मिळावं, यावर त्या आदेशात काही नाही. तो दर कंपनी आणि ऑर्गनायझर ठरवतात.

जर्मनीत 2023 पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे बालमजुरी आहे का हे तपासणं कायद्याने बंधनकारक झालं. तपासणी हवीच. पण तपासणाऱ्याने मुलं मोजायच्या आधी खरेदीची पावती मागावी. एकरी उत्पादन, किलोचा दर आणि त्या तालुक्यातली मोठ्या बाईची रोजची मजुरी, एवढे तीन आकडे हातात आले की त्या प्लॉटवर कोण काम करत असणार हे कागदावरच कळतं. पाकिटाची किंमत ठरवणाऱ्या समितीपुढे हेच तीन आकडे ठेवायला काय हरकत आहे, हे कृषी खात्याला विचारायचं काम आपल्याकडच्या शेतकरी संघटना करू शकतात. पुढच्या हंगामाची किंमत जाहीर व्हायच्या आत विचारलं तर बरं.

नमस्कार.