सायटोकाइन: फुफ्फुसातल्या दाहाचे निरोप

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोशाची भिंत)

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून साधारण 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ, की हवा आणि रक्त यांच्यात बहुतेक ठिकाणी एक मायक्रॉनचंही अंतर नसतं. ऑक्सिजनला ते सोयीचं आहे. पण धूर, धूळ आणि जंतूही याच वाटेनं आत येतात. म्हणून या भिंतीवर मॅक्रोफेज नावाच्या पेशी सतत फिरत असतात. आलेला कण गिळायचा, जिरवायचा आणि गवगवा न करता पुढे सरकायचं, हे त्यांचं रोजचं काम.

कण फार झाले, किंवा भिंतीच्या पेशीच जखमी झाल्या, की मात्र मदत बोलवावी लागते. ती बोलावतात सायटोकाइन, म्हणजे पेशींनी सोडलेली छोटी प्रथिनं. त्यांचं प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं, इतकं ते अल्प असतं. ज्या पेशीवर त्या प्रथिनाचा ग्राही, म्हणजे ते झेलणारा रेणू, आहे, तिलाच निरोप पोचतो. एरवी काम झालं की हे निरोप थांबतात. दीर्घकालीन आजारात ते थांबत नाहीत, आणि कोणता निरोप चालू राहिला यावर आजार कोणता हे बरंचसं ठरतं.

सीओपीडीपासून, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या दीर्घकालीन आजारापासून, सुरुवात करू. वर्षानुवर्षं तंबाखूचा किंवा चुलीचा धूर छातीत गेला, की मॅक्रोफेज आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी इंटरल्यूकिन-8 हे सायटोकाइन सोडत राहतात. त्या निरोपावर रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात.

(पडद्यावर: न्यूट्रोफिल भिंतीत शिरतो)

इथे जरा जवळून पाहा. न्यूट्रोफिलकडे इलॅस्टेज नावाचं विकर असतं. श्वास सोडताना फुफ्फुसाला मूळ आकारात आणणारे लवचिक तंतू हे विकर तोडतं. त्याला आवर घालायला रक्तात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन असतं. पण धुरातली ऑक्सिडीकारक द्रव्यं त्यातला मेथिओनिन हा एक घटक बिघडवतात आणि त्याची पकड सैल होते. मोकाट सुटलेलं इलॅस्टेज भिंत तर कुरतडतंच, शिवाय कफाच्या ग्रंथींना चेव आणतं आणि अस्तराच्या पेशींकडून आणखी इंटरल्यूकिन-8 सोडवून घेतं. म्हणजे नवे न्यूट्रोफिल, पुन्हा इलॅस्टेज. धूम्रपान सोडल्यावरही अनेक रुग्णांत हा दाह पुरता विझत नाही, त्याचं एक कारण हे चक्र. तरीही सोडायलाच हवं, कारण त्यानं फुफ्फुसाची क्षमता घटण्याचा वेग कमी होतो.

मग निरोपच अडवला तर? टीएनएफ हे सायटोकाइन संधिवातात अडवून उत्तम गुण आला होता, आणि सीओपीडीतही ते वाढलेलं दिसत होतं. ते अडवणारं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, सीओपीडीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. 2007 मध्ये निकाल आला: फायदा शून्य. उलट न्यूमोनिया आणि कर्करोगाच्या नोंदी औषध घेणाऱ्यांत जास्त होत्या; तो फरक संख्याशास्त्रानं पक्का ठरला नाही, पण हात आखडता घ्यायला तेवढा पुरेसा होता. एखादं सायटोकाइन आजारात वाढलेलं असणं वेगळं आणि आजार त्याच्यावर चालणं वेगळं, हा फरक या चाचणीनं ठळक केला.

दम्यात पात्रं बदलतात. इंटरल्यूकिन-5 इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवतं आणि जगवतं. इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांच्यामुळे अ‍ॅलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडं तयार होतात, कफ वाढतो, श्वासनलिका चिडचिडी होते. इंटरल्यूकिन-5 अडवणारं मेपोलिझुमॅब सुरुवातीला फसल्यासारखंच दिसलं. रक्तातले इओसिनोफिल खाली आले, दमा होता तिथेच राहिला. गफलत रुग्णांच्या निवडीत होती. 2009 मध्ये ज्यांच्या कफात इओसिनोफिल 3 टक्क्यांहून जास्त सापडले होते आणि दम्याचे तीव्र झटके वारंवार येत होते, अशांनाच ते दिलं गेलं, आणि झटके सुमारे 43 टक्क्यांनी घटले. आज ते दर चार आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम, त्वचेखाली देतात.

(पडद्यावर: रक्ततपासणीचा अहवाल)

हा धडा आता सीओपीडीतही लागू झाला आहे, आणि त्यासाठी लागणारा आकडा साध्या रक्ततपासणीत मिळतो. पांढऱ्या पेशी 8,000 आणि इओसिनोफिल 4 टक्के, म्हणजे एका मायक्रोलीटरमध्ये 320. सीओपीडीत 300 किंवा त्याहून जास्त असेल तर स्टेरॉइडचा इनहेलर उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. 100 च्या खाली असेल तर फायदा जेमतेम आणि स्टेरॉइडमुळे वाढणारा न्यूमोनियाचा धोका मात्र तसाच. तीन औषधांचे इनहेलर नियमित घेऊनही ज्यांचा आजार उफाळतो आणि ज्यांचे इओसिनोफिल 300 च्या वर आहेत, त्यांच्यासाठी इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोघांचा ग्राही अडवणारं ड्युपिलुमॅब 2024 मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या चाचण्यांत आजार उफाळण्याचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी कमी झालं.

पण हा आकडा फसवतोही. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात. ऐन दम लागलेला असताना, गोळ्या घेतल्यावर काढलेल्या रक्तावरून निर्णय घेतला, तर योग्य रुग्ण यादीतून गळतो. उलट पोटात जंत असले तर आकडा उगाच चढतो. म्हणून स्टेरॉइड सुरू होण्याआधी, आजार स्थिर असताना, आणि शक्यतो एकाहून अधिक वेळा मोजावं. जंत असतील तर इंटरल्यूकिन-5 अडवण्याआधी त्यांवर उपचार करायलाच हवेत, कारण जंतांशी लढताना हेच इओसिनोफिल कामाला येतात.

फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुफ्फुसात व्रणासारखे कडक तंतू साचण्याच्या आजारात, अशी सोपी मोजणी अजून हाती नाही. तिथला मुख्य निरोप टीजीएफ-बीटा. जखम भरणाऱ्या पेशींना तो कोलॅजनचे तंतू विणायला लावतो, आणि जखम बुजल्यावरही विणकाम चालूच राहतं. त्याला सरसकट अडवणं धोक्याचं, कारण प्रतिकारसंस्थेला लगाम घालण्याचं कामही त्याच्याकडेच आहे. दाह दाबून हा आजार थांबेल, ही जुनी समजूतही खोटी ठरली. प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही तिकडी इडिओपॅथिक (कारण न कळलेल्या) फायब्रोसिसमध्ये मृत्यू वाढवते, असं दिसल्यावर 2011 मध्ये त्या तिकडीची चाचणी मध्येच थांबवली गेली.

अमेरिकेत ऑक्टोबर 2014 मध्ये मंजूर झालेली पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं विणकामाचा वेग कमी करतात, विणलेलं उसवत नाहीत. पिरफेनिडोन जेवणाबरोबर घ्यायचं, मात्रा दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायची आणि उन्हापासून कातडी जपायची. निन्टेडॅनिबनं जुलाब होतात. दोन्हींत यकृताची तपासणी ठरावीक अंतरानं करावी लागते. सहा महिन्यांनी स्पायरोमेट्रीतला (फुंकून करायच्या श्वास-चाचणीतला) एफव्हीसीचा, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरानं सोडलेल्या हवेचा, आकडा जवळपास तोच राहिला, तर औषधाकडून अपेक्षित तेवढं झालं. रुग्णाला मात्र आपल्यात काहीच फरक जाणवत नसतो, आणि हे आधी समजावून सांगितलं नाही तर तो गोळ्या सोडून देतो.