सुई नको, लाळ चालेल
ही ट्यूब बघा, रक्ताऐवजी लाळ तपासायला. मान खाली घातलीय, ओठ नुसते उघडे, आणि लाळ आपोआप ओघळतेय. खाकरायचं नाही, जोर लावायचा नाही, गळू द्यायची बस. वर फेस दिसतोय ना तो धरत नाहीत, खालचं पाणी १ मिलीच्या रेघेपर्यंत यायला हवं, आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही, दातही घासायचे नाहीत, कारण हिरडीतून जरासं रक्त आलं तरी ते लाळेत मिसळतं आणि हार्मोनचा आकडा चुकतो.

लाळ म्हणजे जवळपास ९९ टक्के पाणीच. पण उरलेल्यात केवढं काय काय असतं! हार्मोन, अँटीबॉडी, गालाच्या पेशींमधला डीएनए, विषाणू असेल तर तोही. बरंचसं रक्तातूनच झिरपून आलेलं असतं, फक्त प्रमाण फार कमी, म्हणून मशीन तेवढं बारीक मोजणारं लागतं. आणि हो, टीबीसाठी जो बेडका देतात तो छातीतून खाकरून काढलेला असतो, तो वेगळा, लोक दोन्हीला थुंकीच म्हणतात म्हणून सांगितलं.

आता हा कापसाचा बोळा. रात्रीचे ११ वाजून गेलेत. तोंडात २ मिनिटं घोळवला, ट्यूबमध्ये टाकला, झाकण घट्ट. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सकाळी जास्त आणि मध्यरात्री अगदी कमी असतं, कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढतं त्या आजारात, ते रात्रीही पुरेसं उतरत नाही, तेच इथे पकडायचंय. आता अशा वेळी माणसाला हॉस्पिटलात नेऊन सुई टोचली तर ताणानेच कॉर्टिसॉल वर जाणार की! इथे तो स्वतःच्या पलंगावर बसलाय. निदान दोन रात्री असं करायचं.

एचआयव्हीची घरी करायची अशी टेस्ट अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली, हिरडीवरून पट्टी फिरवायची आणि २० मिनिटं थांबायचं, पण लागण ताजी असेल तर ती हुकते आणि पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करावीच लागते.

आणि हे बाळ. सीएमव्ही नावाचा विषाणू आईच्या पोटातच लागला असेल तर पुढे ऐकू येणं कमी होऊ शकतं, आणि ते कळायला जन्मापासून फक्त २१ दिवस हातात असतात, नंतर लागण कधीची हे सांगता येत नाही. आईच्या दुधातही हा विषाणू असू शकतो म्हणून दूध पाजून तासभर थांबलेत. आता स्वॅब गालाच्या आतून, हळू, गोल. पॉझिटिव्ह आलं तर लघवी तपासून खात्री करतील.

झालं. बघा, जागही आली नाही.