खानापूरचा पीसी चालूच होईना तेव्हा

जून लागला की खानापूर तालुक्यात पाऊस नुसता कोसळतो, कणकुंबी-जांबोटीकडचं तर विचारूच नका, आणि लाईट जाते, येते, परत जाते. काकांचं हे खानापुरातलं छोटं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापायचं, दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, अर्ज, एका पानावर मराठी तर दुसऱ्यावर कन्नड, सगळं ह्याच एका पीसीवर. त्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, "अरे बाळा, पीसी चालूच होईना झालाय की रे, बूटचं कायतरी लिहून येतंय." कोणीतरी त्यांना सांगून मोकळं झालेलं की विंडोज नवीन मारून घ्या, म्हणजे फॉरमॅट, डिस्क सगळी पुसून. मी म्हटलं काका, मी बेळगावातून निघालोच, तोवर कशाला हात लावू नका.

स्क्रीनवर लिहिलेलं होतं की बूट कॉन्फिगरेशन डेटा सापडत नाही. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथंच लोक घाबरतात आणि सगळं घालवून बसतात. पीसी चालू होणं म्हणजे बूट, आणि तेव्हा तो आधी हीच एक छोटी फाईल वाचतो, विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते तिच्यात असतं. नवीन पद्धतीच्या पीसीत ती वेगळ्या लपलेल्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या तुकड्यावर बसते, बऱ्याचदा शंभरेक एमबीचं, फॅट ३२ ह्या साठवायच्या पद्धतीतलं. लिहिता लिहिता लाईट गेली की ती खराब होऊ शकते. पत्रिका जिथल्या तिथंच असतात, फक्त पत्ता हरवलेला असतो.

माझ्याकडं विंडोज इन्स्टॉलचा पेनड्राईव्ह होता. त्यावरनं पीसी चालू केला, भाषा विचारणारी खिडकी आली की शिफ्ट आणि एफ १० दाबायचं, काळी कमांडची खिडकी उघडते. आता लगेच दुरुस्ती करायची नाही, आधी फाईली बाहेर काढायच्या, ह्यावर मी कधीच ऐकत नाही कुणाचं. नोटपॅड असं टाईप केलं, फाईलमध्ये ओपन, खाली ऑल फाईल्स, आणि बघा, काकांचं पत्रिकांचं फोल्डर दिसलं. राईट क्लिक, कॉपी, दुसऱ्या पेनड्राईव्हवर पेस्ट. कॉपी होताना खिडकी अडकल्यासारखी वाटते, थांबायचं, काही दाबायचं नाही. काका खुर्चीच्या काठावर बसून होते, फोल्डर दिसल्यावर पहिल्यांदा चहा घेतला त्यांनी.

मग डिस्कपार्ट ही कमांड, त्यात लिस्ट व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या पार्टिशनची यादी. इथं एक गोष्ट फार फसवते, ह्या खिडकीतला सी म्हणजे आपला नेहमीचा सी असेलच असं नाही, काकांचं विंडोज डी वर दिसत होतं. म्हणून डीआयआर, म्हणजे आत काय आहे ते दाखवणारी कमांड, देऊन विंडोज आणि युझर्स फोल्डर आहेत का बघायचं. ते छोटं फॅट ३२ चं पार्टिशन निवडलं, त्याला एस अक्षर दिलं, बाहेर आलो. डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारं चेकडिस्क, स्लॅश एफ लावून, डी तपासून घेतला. पण डिस्कमधनं टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क लावूच नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण झेपत नाही. तेव्हा लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरायचं, ते आधी चांगला भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं आणि खराब भागाकडं नंतर वळतं.

काकांची डिस्क शांत होती. शेवटी बूट फाईली नव्यानं लिहिणारं बीसीडीबूट, पुढं डी मधल्या विंडोज फोल्डरचा पत्ता, स्लॅश एस देऊन एस, स्लॅश एफ देऊन यूईएफआय, म्हणजे नवीन पीसीची चालू व्हायची पद्धत. बूट फाईली तयार झाल्या असं एका ओळीत आलं. बायोस ह्या जुन्या पद्धतीच्या पीसीला बूटरेक ही दुसरी कमांड लागते, फिक्सएमबीआर आणि रीबिल्ड बीसीडी. नवीन पीसीवर बूटरेकचं फिक्सबूट मारलं की बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड येतं आणि लोक तिथंच तासभर अडकतात, त्यापेक्षा सरळ बीसीडीबूट.

पेनड्राईव्ह काढला, रीस्टार्ट केलं. गोल फिरलं, फिरत राहिलं, आणि लॉगिन आलं. "आलं की रे!" काका उठूनच उभे राहिले. आषाढाआधीची शेवटची पत्रिका, वधूकडचे कन्नड, वराकडचे मराठी, प्रिंटरला लागली.

निघताना काकूंनी मुलीचा नवा लॅपटॉप दाखवला. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू होतं, घरात कुणाला माहीतच नव्हतं. तो बंद पडला असता तर ही काळी खिडकी उघडूनही त्या कुलपाच्या किल्लीशिवाय, म्हणजे रिकव्हरी की शिवाय, एक फाईल दिसली नसती. मग मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरनं ती की काढली, मी एकेक आकडा वाचत गेलो आणि काकूंनी हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले, सगळे ४८.