पहाटेचं ऊन पाणी

(दृश्य: गोव्यात वाळपईजवळचा एक वाडा, म्हणजे लहान वस्ती. पहाट. कौलांतून निघणारा धूर.)

पणजीत जानेवारीतलं किमान तापमान २० अंशांच्या आसपास असतं. देशावरचा माणूस म्हणेल, ही कसली थंडी! पण सत्तरीत, सांग्यात, काणकोणात डोंगराकडच्या वाड्यांवर पहाटे धुकं उतरतं आणि ऊन पाण्याशिवाय कुणी न्हाणीत पाऊल टाकत नाही. खोली ऊबवायला आपल्याकडे शेगडी लागत नाही. हिवाळ्यातला विस्तव पेटतो तो अंघोळीच्या पाण्यासाठी. म्हणून आगीचा धोका शोधायचा तर आधी न्हाणीत डोकवायला हवं.

(दृश्य: चुलीवर बसवलेलं अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं भांडं, म्हणजे भाण.)

आजी भाणाखाली वाळलेलं चुडत, म्हणजे माडाची झावळी, सारते, वर नारळाची सोडणं. चुडत भडकन पेटतं आणि तसंच विझतं. सोडण मात्र आत धुमसत राहतं. सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्यावर राखाडी पडलेलं ते सोडण काठीनं फोडून पाहा. आत निखारा लालबुंद असतो. हीच राख टोपलीत भरून माडाच्या आळ्यात ओततात, कधी गवताच्या उडवीशेजारी. पावसाळ्यात तिनं काही बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र अंगणातला पाचोळा, उडवी, कौलांवर साचलेली पानं सगळं कुरकुरीत वाळलेलं असतं. राखेवर आधी तांब्याभर पाणी ओता, काठीनं ढवळा, मग बाहेर काढा.

आणि सरपण! लवकर सुकावं म्हणून ते चुलीला टेकूनच रचलेलं असतं. वर वासे लाकडाचे, रिपा लाकडाच्या, माळ्यावर जुन्या चटया. ठिणगीला आणखी काय हवं? चुलीच्या तोंडापासून तीन हात तरी जागा मोकळी ठेवायलाच हवी.

(दृश्य: प्लास्टिकची बादली, पाण्यात पाणी तापवायचा विजेचा रॉड.)

चूल गेली तिथं रॉड आला. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतो. भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, आणि त्यालाही बऱ्याचदा एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला. सॉकेटच्या भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक बघा. ते पिवळं, मग तपकिरी पडत गेलं असेल, जळका वास येत असेल, तर रॉड त्याच दिवशी बंद करा. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी, इलेक्ट्रिशियनला बोलवाच. रॉड चालू ठेवून झोपायचं नाही. पाणी आटलं की उघडा पडलेला रॉड बादली वितळवतो.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, पण तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडून १९०६ वर फोन लावा.

नाताळात येशूजन्माच्या देखाव्यासाठी केलेल्या गोठ्यातल्या सुक्या गवताजवळ मेणबत्ती नको. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना तेल पेटलं तर पाणी मारू नका. गॅस बंद करा आणि झाकण सरकवा.

(दृश्य: वाड्याची अरुंद वाट.)

आग लागलीच तर आधी माणसं बाहेर काढा, मग १०१. अग्निशमन दलाचं केंद्र वाळपईत आहे, काणकोणातही आहे; पण बंबाला घर सापडायला हवं. गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रूस), असं स्पष्ट सांगा. वाटेतल्या स्कूटर हलवा, आणि एकानं टॉर्च घेऊन हमरस्त्यावर उभं राहा.