प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी

(दृश्य : भायखळा स्टेशन, शनिवारची सकाळ. पुलावरची गर्दी. हॉस्पिटलात रात्रपाळी करून निघालेली एक नर्स.)

निवेदन :
काल रात्री दहाचं इंजेक्शन द्यायला यांना साडेदहा वाजले. वॉर्डात एकदम दोन नवे पेशंट आले होते. चार्टवर त्यांनी साडेदहाच लिहिलं. दहा लिहिलं असतं तर विचारायला कुणी आलं नसतं. पण पुढचा डोस कधी द्यायचा, हे त्याच आकड्यावर ठरतं.

या बाई भायखळ्याच्या एका मराठी मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासद. उद्या त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. पवित्र जीवन म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय करायचं, असं आम्ही त्यांना विचारलं, तेव्हा बायबलचं वचन सांगण्याआधी त्यांनी हा चार्ट सांगितला.

(दृश्य : बेसिनपाशी हात धुणं. कोपरापर्यंत साबण.)

हात धुणं हा तर त्यांच्या नोकरीचाच भाग. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, वाद सुरू होतो तोही हातांवरूनच. शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात, ही परूश्यांची, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाची, तक्रार. येशू म्हणतो, बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही. विटाळवतं ते आतून निघणारं. मग तो नावंच घेतो : चोरी, लोभ, कपट, हेवा, निंदा. नीट पाहिलं तर यातलं जवळजवळ सगळं कुणा ना कुणा दुसऱ्या माणसाला जाऊन लागणारं आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाची शुद्धता त्याच्या शेजाऱ्याला वगळून मोजताच येत नाही, असं आम्हाला वाटतं.

महाराष्ट्रात हे कुणाला सोपं गेलं नाही. 1895 साली मुंबईत कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळं घेऊनच. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. ते एका दिवसात सुटलं नाही, आणि सुटलं ते कुणी हट्ट धरला म्हणून नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हा त्या सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी माणूस जवळ आला, मग बाप्तिस्म्याचं पाणी.

(दृश्य : लोकलचा महिलांचा डबा. मोबाइलवर फिरणारी बोटं.)

विटाळ आजही आहे, फक्त त्याचं रूप बदललं आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : ‘अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, प्रार्थनेचं कारण मात्र कुणाला सांगू नका.’ आणि ते कारण दुपारपर्यंत ठाण्यापर्यंत पोहोचलेलं असतं. प्रार्थनेच्या नावाखाली चालणारी ही चहाडी फार जपून ओळखावी लागते. कारण ती करताना आपण भक्तच वाटत असतो. या बाईंनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. निरोप पुढे पाठवायचा नाही. जमलं तर त्या घरी जायचं, नाहीतर देवाला नाव सांगून गप्प बसायचं. डोळ्यांनाही हाच नियम : जे पाहताना शेजारच्या बाईला मोबाइलचा पडदा दिसू नये असं वाटतं, ते बंद करायचं.

(दृश्य : चाळीतली खोली, संध्याकाळ. भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर बायबल.)

आता कठीण भाग.

बायबलमधल्या एका पत्रात, करिंथ शहरातल्या मंडळीला येशूचा प्रेषित पौल लिहितो, की माणसाने आधी आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी, तो प्याला प्यावा. आणि येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. त्याच्या मनात, हे लक्षात घ्या. आपल्या मनात राग नाही, एवढ्यावर सुटका नाही.

या घरात भांडण आहे ते आईच्या पागडीच्या खोलीवरून. मुंबईत असं भांडण नसलेली घरं कमीच. खोली कुणाची, हे ठरायचं तेव्हा ठरेल. पण ख्रिसमसला, पाहुण्यांदेखत, बाई भावजयीला लागेल असं बोलल्या होत्या. आज त्यांनी फोन लावला. “वहिनी, खोलीचं राहू द्या. मी चारचौघांत तसं बोलायला नको होतं. माफ करा मला.” पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग, “जेवलात का?”

दुसरा फोन भावाला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हाही नाही. मग त्यांनी चार ओळींचा मेसेज लिहिला, त्यातला ‘पण’ खोडला आणि पाठवला.

मग उद्या प्रभुभोजन घ्यायचं की नाही? बाई पौलाच्याच दुसऱ्या पत्राचा, रोमकरांस पत्राचा, बारावा अध्याय काढून दाखवतात. तिथे पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. त्या उद्या जाणार आहेत. आणि उपासना सुटली की तिथूनच भावाकडे, डोंबिवलीला.